एकट्यापुरती कॉफी

बुधवारी सकाळी साडेदहाला लिबेरातोने कॉफीचं भांडं जाळलं आणि साडेअकराला त्याचा आळ सासूबाईंवर आला. मधला तासभर त्याला कबुलीची वाक्यं जुळवायला मिळाला होता. तो त्याने खिडक्या उघडून टॉवेलने धूर हाकलण्यात घालवला.

घर सासूबाईंचं. नेपल्सच्या जुन्या वस्तीतली इमारत, चौथा मजला, चढताना दोनदा थांबावं लागतं. अडतीस वर्षांपूर्वी लिबेरातो इथे घरजावई म्हणून राहायला आला, तेव्हाच त्याला बजावण्यात आलं होतं की कॉफीच्या भांड्याला हात लावायचा नाही. भांडं म्हणजे मोका. ॲल्युमिनियमचा, आठ कोनांचा. खालच्या भागात पाणी, मधल्या चाळणीत कॉफी, वरचा भाग फिरवून घट्ट आवळायचा आणि बारीक आचेवर ठेवायचा. ते काम सासूबाईंचं, म्हणजे दोन्ना ओलिंपियांचं. वय चौऱ्याऐंशी, पण सकाळी सहाला स्वयंपाकघरात हजर. भांडं बरोबर चार कपांचं. एक कप मुलीला, एक जावयाला, एक स्वतःला. चौथ्यावर बशी झाकून तो दोरीच्या टोपलीत ठेवायचा आणि गॅलरीतून चार मजले खाली सोडायचा. खाली एर्मेलिंदा तो उचलून घ्यायची. एर्मेलिंदा इमारतीच्या दाराशी एका खोलीत राहते, जिने झाडते, टपाल घेते आणि कुणाच्या घरात काय शिजतंय याची बित्तंबातमी ठेवते. सोळा वर्षांत टोपलीचा एकही खाडा नव्हता.

डोंगरावर चढणारी केबलची गाडी तीस वर्षं चालवून लिबेरातो निवृत्त झाला, आणि त्याला साडेदहाच्या सुमारास दुसऱ्या कॉफीची तल्लफ येऊ लागली. सासूबाईंचा नियम असा की दुसरी कॉफी आजाऱ्याला नाहीतर पाहुण्याला. लिबेरातो दोन्हींत बसत नव्हता. म्हणून बुधवारी सासूबाई चर्चला गेल्याचं बघून त्याने भांडं भरलं, आवळलं, गॅसवर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. पाणी घालायचं तेवढं राहिलं. आतला रबरी वायसर जळाला, बूड काळंठिक्कर पडलं, दांडा वितळून खाली लोंबला.

तितीना, म्हणजे त्याची बायको, दवाखान्यातल्या कामावरून आली ती दारातच थबकली. "कसला वास हा? मम्मा कुठाय?"

"चर्चला," लिबेरातो म्हणाला. हे खरंच होतं.

"गॅस चालू ठेवून चर्चला गेली? अरे देवा! लिबेरा, आज तू घरात नसतास तर?"

इथे लिबेरातोने तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि तितीनाने त्यांना इतकं सुनावलं की खालच्या तीन मजल्यांना निराळं सांगावं लागलं नाही. दोन्ना ओलिंपियांनी भांडं उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. मग पर्स कोपरात अडकवून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"आजपासून मम्माने गॅसला हात लावायचा नाही," तितीनाने जाहीर केलं. "शनिवारपर्यंत कॅप्सूलचं मशीन आण. आग नाही, काही नाही, बटण दाबलं की झालं. आणि तिच्यादेखत आणू नकोस, तिला लागेल."

लागेल काय, लागलंच होतं. घरातलं बाकीचं सगळं काम एकेक करून तितीनाने आईच्या हातून काढून घेतलं होतं. बाजार, इस्त्री, शेवटी भाज्या चिरणंसुद्धा. कॉफी तेवढी उरली होती. दोन्ना ओलिंपिया जेवायला टेबलाशी येत, मुकाट्याने जेवत आणि परत खोलीत जात. दारावर टकटक केली तर ओ देत नसत. लिबेरातो अर्ध्या जेवणावरून उठत होता. एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं, पण बुधवारी न बोललेलं वाक्य गुरुवारी दुप्पट जड झालं आणि शुक्रवारी त्याला उचलवेना.

शुक्रवारी तो कातेल्लोच्या दुकानात गेला. कातेल्लो कॅप्सुला, म्हणजे एकेका कपाच्या कॉफीच्या बंद डब्या, आणि त्यांची मशीनं विकतो. हा माणूस जन्मात हसलेला कुणी पाहिला नाही. गिऱ्हाइकाला तो डॉक्टरसारखा समोर बसवतो.

"घरात माणसं किती?"

"तीन."

"कॉफी एकत्र पिता की ज्याची त्याने?"

"एकत्र. सहा वाजता, टेबलाशी. म्हणजे प्यायचो."

कातेल्लोने मान हलवली. "मग हे आधी नीट समजून घ्या, सिन्योर लिबेरातो. हे एकट्यापुरतं असतं. एक कॅप्सूल, एक कप. तिसऱ्याची निघेपर्यंत पहिल्याची पिऊन झालेली असते. पुष्कळ घरांना तेच हवं असतं. एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत."

त्याने तीन मशीनं मांडली. पहिल्याला वरून ओढायचा दांडा होता. सासूबाईंची बोटं दुखतात, त्यांना तो ओढवणार नाही, म्हणून लिबेरातोने ते बाजूला सारलं. दुसरं दूधही फेसाळून देत होतं. ते सासूबाईंसमोर ठेवायचं म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळायचं, कारण दुधाची कॉफी त्या लहान मुलांना नि परक्यांना देत. तिसरं वीतभर रुंद, एका बटणाचं, आपलं आपण बंद होणारं. लिबेरातोने ते हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. तासभर झाला. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"रंग?" कातेल्लोने विचारलं.

"कमीत कमी दिसेल असा."

"म्हणजे काळा." कातेल्लोने लिहून घेतलं. "काळं गोदामात आहे. उद्या अकराला मी स्वतः आणतो. कॅप्सुलांचा खोका सकाळीच पोचवतो. पन्नास आहेत, आणि बरोबर साखर आमच्याकडून."

"वर आणू नका! खाली एर्मेलिंदाकडे ठेवा. आणि कुणी विचारलं तर एक शब्द बोलू नका. सासूबाईंना कळता कामा नये." लिबेरातोने डोळे पुसले. "चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी कॉफी केली हो. आता संपलं सगळं."

कातेल्लोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि साखरेची आणखी एक पिशवी लिहून घेतली.

शनिवारी तितीना सातलाच दवाखान्यात गेली. पावणेनऊला कातेल्लो गडद कोट घालून इमारतीत शिरला. हातात सुतळीने बांधलेला कॉफीचा खोका, वर साखरेच्या दोन पिशव्या.

"कुणाकडे?" एर्मेलिंदाने विचारलं.

"चौथ्या मजल्यावर. लिबेरातोंकडे."

"का हो? काय झालं?"

"मला बोलायला मनाई आहे," कातेल्लो म्हणाला आणि टोपी काढून घाम पुसत निघून गेला.

आता या गावात कॉफी आणि साखर एकत्र जिना चढू लागली की लोक एकच प्रश्न विचारतात: कोण गेलं? माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे कॉफी-साखर घेऊन जातात. फुलं मागाहून, आधी हे. एर्मेलिंदाने चौथ्या मजल्याकडे मान वर करून पाहिलं. तीन दिवस टोपली खाली आली नव्हती. तीन दिवस म्हातारी गॅलरीत दिसली नव्हती. बुधवारी तितीनाचा आरडाओरडा झाला होता आणि त्यानंतर त्या घरातून आवाज म्हणून आला नव्हता. एर्मेलिंदाने काळा रुमाल डोक्याला बांधला, इमारतीच्या मोठ्या दाराचं एक कवाड दुखवट्याची खूण म्हणून लावून घेतलं आणि जिना चढायला लागली. वाटेत तिने दोनच घरी सांगितलं. बाकीच्यांना त्या दोन घरांनी सांगितलं.

बेल वाजली तेव्हा लिबेरातो सासूबाईंच्या दारावर तिसऱ्यांदा टकटक करून परतला होता. आतून नेहमीप्रमाणे ओ नव्हती. त्याने दार उघडलं. समोर काळा रुमाल, डोळ्यांत पाणी, एका हातात कातेल्लोचा खोका आणि दुसऱ्या हातात कॉफीचं छोटं पुडकं नि साखर.

लिबेरातोही याच गावचा. खोका त्याचाच होता, पुडकं नव्हतं. त्याने पुडक्याकडे पाहिलं, साखरेकडे पाहिलं, आणि सावकाश वळून घरातल्या बोळाच्या टोकाच्या बंद दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या कुणी आणली असती तर त्याने विश्वास ठेवला नसता. पण ही एर्मेलिंदा होती. त्याची निवृत्तीची तारीख तिला त्याच्या आधी आठ दिवस कळली होती. पहिल्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेल्याचं तिनेच त्या सुनेला सांगितलं होतं. तिच्याकडे घरोघरच्या किल्ल्या असतात. तिला कळलं म्हणजे झालेलंच असणार.

"तुम्हाला... कधी कळलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"टोपली आली नाही तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती," एर्मेलिंदाने त्याचे दोन्ही गाल चुंबले. "धीर धरा. सुटली बिचारी."

लिबेरातो बोळातून धावला आणि दाराच्या मुठीला हात घातला. एर्मेलिंदाने तो हात धरला. "नको. आधी लेकीने बघायचं असतं. तितीनाला येऊ द्या." ती स्वतःही आत गेली नाही, कारण जावयाने सगळं आधीच केलेलं असणार असं ती धरून चालली होती. लिबेरातोला धीर नव्हताच. त्याने दवाखान्यात फोन लावला. तितीना कामात होती, दुपारी बारापर्यंत फोन घेता येणार नाही म्हणाले. निरोप काय द्यायचा, असं पलीकडच्या बाईने विचारलं. "काही नाही," लिबेरातो म्हणाला, "लवकर ये म्हणावं," आणि खुर्चीत बसून रडायला लागला. खरंखुरं रडायला लागला. ही बाई त्याला अडतीस वर्षं बोलत आली होती, आणि तेवढीच वर्षं दुसरा कप त्याच्या हातात देत आली होती.

पुढच्या दोन तासांत अर्धी इमारत वर आली. तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा ब्रिजिदाने येताक्षणी दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे भिंतीवरचं घड्याळ बंद केलं आणि आरशावर टेबलक्लॉथ टाकला. तिने अर्धा किलो कॉफी आणली होती. दुसऱ्या मजल्यावरचे अत्तानासियो एकेकाळी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. ते चंदेरी बटणांचा कोट घालून आले आणि टेबलावर एक किलोचं पाकीट ठेवून पाठमोरे उभे राहिले. पुडक्यांचा ढीग वाढत गेला. साखर जमिनीवर ठेवावी लागली. लिबेरातोचा काळवंडलेला चेहरा बघून जो तो हळू बोलत होता.

"तशी कॉफी पुन्हा नाही," ब्रिजिदा म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा आठ दिवस मला वर बोलावून पाजली. एक शब्द बोलल्या नाहीत. नुसता कप पुढे."

"मला दर ख्रिसमसला," अत्तानासियो भिंतीला म्हणाले. "वर्षातून एकदाच. पण मी वर्षभर वाट बघायचो."

"आणि मला रोज!" एर्मेलिंदाने हुंदका दिला. "सोळा वर्षं! जन्मभर कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि शेवटी काय वाट्याला आलं? गॅस उघडा टाकते, वेडी झाली, असं ऐकून घेतलं. तितीनाचं मी सगळं ऐकलं हो बुधवारी. तेच मनाला लावून घेऊन गेली."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. लिबेरातोच्या कानात ते वाक्य शिरलं आणि तीन दिवसांचं ओझं एकदम अंगावर कोसळलं. तो उभा राहिला.

"गॅस मी ठेवला होता," तो म्हणाला.

अत्तानासियो भिंतीकडून खोलीकडे वळले.

"मला दुसरी कॉफी हवी होती. चोरून. पाणी घालायला विसरलो. भांडं मी जाळलं." आता तो थांबू शकत नव्हता. "तितीना त्यांना बोलली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मूग गिळून. त्या माझ्याकडे बघून आत गेल्या, त्या गेल्याच. तीन दिवस ते दार माझ्यासमोर होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं झालं नाही. आणि आता कुणाला सांगू?"

"मला सांग की," बोळातून आवाज आला.

दार उघडं होतं. दोन्ना ओलिंपिया करड्या गाऊनमध्ये, केस विंचरलेले, चष्मा कपाळावर, जपमाळ मनगटाला गुंडाळलेली, अशा उभ्या होत्या.

ब्रिजिदाने किंकाळी फोडली. एर्मेलिंदाने छातीवर क्रूस काढला आणि टेबलाखाली पाहिलं, तिथे जागा आहे का म्हणून. अत्तानासियो मटकन खाली बसले ते साखरेवर. "बोलणारा मुडदा!" ब्रिजिदा ओरडली. "अठ्ठेचाळीस!" लॉटरीत बोलणाऱ्या मुडद्याचा आकडा अठ्ठेचाळीस, हे या गावात शेंबडं पोरही सांगेल. ब्रिजिदा जी जिन्याने धावत सुटली ती थेट लॉटरीच्या दुकानात. तिच्यामागोमाग आणखी तिघं गेली. आकडा काही लागला नाही.

लिबेरातोचा जीव भांड्यात पडला. "मम्मा! तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." त्या शांतपणे येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. "भांडं दांडा धरून आवळलेलं होतं. झाकणाजवळ तो सैल झाला होता. मी बुडाला धरते. दांडा धरून आवळणारा गाढव या घरात एकच आहे."

"मग तितीनाला सांगितलं का नाहीत?"

"मी का सांगू? वाट बघत होते, तुझ्या तोंडातून कधी निघतंय. तीन दिवस लागले, लिबेरा. आणि त्यासाठी मला मरावं लागलं."

लिबेरातोने त्यांचा हात धरला. त्या हात सोडवून घेत नव्हत्या, एवढं त्याच्या लक्षात आलं.

"पण दोन्ना ओलिंपिया, एवढा वेळ तुम्ही आतून ऐकत होता?" अत्तानासियोंनी साखरेवरून विचारलं.

"ऐकणारच. माझ्याबद्दल चांगलं बोलायला एरवी कुणी चार मजले चढतं?" त्यांची नजर टेबलावरून फिरली. "हे एक किलो कुणाचं?"

"माझं," अत्तानासियो लाजून म्हणाले.

"आणि हे पावकिलो?"

एर्मेलिंदाने रुमाल सोडून हातात घेतला. "घाईघाईत निघाले, दोन्ना ओलिंपिया. घरात तेवढीच होती."

"सोळा वर्षं रोज एक कप," दोन्ना ओलिंपिया पुडक्याला म्हणाल्या. "पावकिलो."

त्याच वेळी, खाली एर्मेलिंदा न सापडल्यामुळे, कातेल्लो काळ्या मशीनचा खोका छातीशी धरून आत आला. खाली अर्धं लावलेलं दार, वर झाकलेला आरसा आणि बंद घड्याळ बघून त्याने टोपी काढली आणि समोर बसलेल्या सर्वांत वयस्कर बाईसमोर वाकून म्हणाला, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे."

"आभारी आहे," दोन्ना ओलिंपिया म्हणाल्या. "काय आहे खोक्यात?"

कुणी उत्तर द्यायच्या आत जिन्यातून हंबरडा ऐकू आला. निरोप मिळताच तितीना निघाली होती, आणि इमारतीचं लावलेलं कवाड बघून ती चार मजले न थांबता चढली होती. "मम्मा! मम्मा!" करत ती आत घुसली, आईला खुर्चीत बघून तिच्या गळ्यात पडली, पाच मिनिटं रडली, मग काय झालं ते तिला तिघांनी एकदम सांगितलं. ऐकता ऐकता तिचे डोळे कोरडे झाले आणि नवऱ्याकडे वळले.

"लिबेरा."

"हो."

"आजपासून गॅसला हात लावायचा नाही. तू."

एवढ्यात उरलेली मंडळी टेबलाकडे सरकू लागली होती. माणूस आहे म्हटल्यावर कॉफी ठेवून जायचं कारण नव्हतं. पहिला हात एर्मेलिंदाचा पुढे झाला.

"ठेव खाली," दोन्ना ओलिंपिया म्हणाल्या. "दुखवट्याची कॉफी परत जिना उतरत नाही. अपशकुन असतो."

"पण तुम्ही तर गेला नाहीत!"

"ते कॉफीला ठाऊक नाही. कातेल्लो, तुम्ही दुकानदार. किती भरेल हे?"

कातेल्लोने पुडकी गंभीरपणे मोजली. "नऊ किलो आणि तीन पाव. सगळी दळलेली. मशीनमध्ये चालणार नाही, भांड्यातच लागेल."

"आठवड्याला पावकिलो," दोन्ना ओलिंपियांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे नऊ महिने. ती संपेपर्यंत मला काही जाता यायचं नाही. टाकून कशी देणार? माझ्या नावाने आली आहे." आणि कातेल्लोकडे नवीन वायसर आणि दांडा मिळेल का, याची त्यांनी चौकशी सुरू केली.

"अहो, पण मशीनचं काय?" कातेल्लोने विचारलं. "कॅप्सुला परत घेत नाही मी."

"राहू द्या इथेच. एकट्यापुरतं आहे ना?" त्यांनी जावयाकडे पाहिलं. "मग त्या एकट्याने प्यावी. पन्नास संपेपर्यंत."

शिक्षा दुसऱ्या सकाळपासून अमलात आली. रोज सहा वाजता नवा वायसर नि दांडा बसवलेलं, बूड घासून लख्ख केलेलं भांडं गॅसवर चढायचं. लिबेरातोच्या वाट्याचा कप आता टोपलीतून दुसऱ्या मजल्यावर, अत्तानासियोंच्या खिडकीशी थांबायचा आणि मग टोपली एर्मेलिंदाचा कप घेऊन खाली जायची. मशीन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, प्लगजवळ. लिबेरातो कॅप्सूल टाकायचा, बटण दाबायचा, टेबल थरथरायचं, तितीना बशी धरून ठेवायची. कॉफी वाईट नव्हती. वर फेसही यायचा. पण ती घेऊन तो टोकाला एकटा बसायचा, आणि समोर त्या दोघी एका भांड्यातून ओतून घेत गप्पा मारत असायच्या. त्याला घोट गिळताना वाईट वाटायचं आणि त्याने ते कुणापाशी बोलून दाखवलं नाही. बोलायचा हक्क आपण बुधवारी घालवला, असं तो समजत होता.

तेराव्या सकाळी गारठा होता. तितीना न्हाणीघरात होती. दोन्ना ओलिंपियांनी पाणी भरलं, कॉफी भरली, वरचा भाग बसवला आणि आवळायला लागल्या. एकदा हात घसरला. त्यांनी बोटं गाऊनला पुसली. दुसऱ्यांदा घसरला. लिबेरातो आपल्या रिकाम्या कपात बघत बसला, कारण बघितलेलं त्यांना आवडलं नसतं. थोड्या वेळाने टेबलावरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. भांडं त्याच्यासमोर होतं.

"आवळ," त्या म्हणाल्या. "बुडाला धर."

त्याने बुडाला धरलं. आवळलं. त्यांनी ते फिरवून फिरवून तपासलं, पुन्हा कुठे हात लावावा लागला नाही, आणि गॅसवर ठेवलं.

"पाणी घातलंय का मम्मा?" त्याने भीत भीत विचारलं.

"आता विचारतोस ते बरं करतोस."

कॉफी वर आली. त्यांनी चार कप मांडले. तितीनाचा, स्वतःचा, अत्तानासियोंचा. चौथा त्यांनी लिबेरातोच्या पुढ्यात सरकवला. लिबेरातोने दोन्ही हातांनी कप धरला.

"पण मम्मा, एर्मेलिंदाचा?"

"तिच्यासाठी तुझ्या त्या डबड्यातून एक काढ. पावकिलोवालीला तेवढी पुरे."

लिबेरातोने बटण दाबलं. टेबल थरथरलं. त्यांनी कपावर बशी झाकली, दोन्ही कप टोपलीत ठेवले आणि दोरी सोडली. दुसऱ्या मजल्यावर टोपली थांबली, हलकी झाली, पुढे गेली. सासू आणि जावई दोघेही कठड्यावर ओणवे होऊन बघू लागले. इतक्या वर्षांत दोघं एका कठड्याला टेकून उभे राहिल्याचं कुणाला आठवत नाही. खाली एर्मेलिंदाने बशी काढली, एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि मान वर केली.

"दोन्ना ओलिंपिया!" ती साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली. "काय झालीय आजची! सोळा वर्षांत अशी झाली नव्हती!"

दोन्ना ओलिंपियांनी दोरी हातावर हात टाकत सावकाश वर ओढली, टोपली कठड्याला अडकवली आणि आत येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. कप उचलला, वास घेतला, एक घोट घेतला.

"लिबेरा."

"काय मम्मा?"

"किती उरल्यात त्या?"

लिबेरातोने खोक्यात हात घालून मोजल्या. "सदतीस."

"सगळ्या तिलाच पाज," त्या म्हणाल्या. "पण तिला सांगू नकोस. तू न बोलण्यात तरबेज आहेस."